नायल मॉक्सीचा तिसरा हंगाम

ऊस पेटला की ससा आधी गप्प बसतो. आग फडाच्या तिन्ही बाजूंनी चढत येते, पाचट तडतडायला लागतं, धूर सरोवराच्या बांधावरून पलीकडे उतरतो, तरी तो सरीत अंग चोरून बसलेला असतो. मग एकाएकी, धीर सुटल्यासारखा, तो उघड्या काळ्या मातीत उडी घेतो, आणि तिथं मर्सर गावची पोरं उभी असतात. हातात काठी नाही, जाळं नाही. पाय आणि पंजे, एवढंच.

ओथनिएल मॉक्सीला त्याच्या आईनं सातव्या वर्षी फडाच्या कडेला उभं केलं. सगळं गाव त्याला नायल म्हणे आणि आईला मिस अर्नेल. ही मिस अर्नेल पोरवयात एका दिवसात एकोणीस ससे धरलेली बाई. पुढे मक्याच्या पॅकिंग शेडमध्ये तीस वर्षं उभ्यानं पेट्या भरून तिच्या पायांचे खांब झाले, पण नजर तशीच राहिली.

पहिल्या दिवशी नायलच्या हाती एकही ससा लागला नाही. तोंडभर माती घेऊन तो उठला, तेव्हा आई तिथंच उभी होती.

"कशाकडं बघत होतास?"

"सशाकडं."

"सशाच्या कशाकडं?"

पोरानं तोंडातली माती थुंकली.

"कानांकडं बघत होतास तू. कान इकडं वळले की तू इकडं धावलास. ससा कानानं फसवतो, डोक्यानं फसवतो, खांद्यानंसुद्धा फसवतो. त्याची कंबर बघ. कंबर वळेल तिकडंच त्याला जावं लागतं, तिथं त्याचं काही चालत नाही. समजलं?"

"हो, मॅम."

"मग पूस तोंड. तो बघ, दुसरा निघाला."

संध्याकाळपर्यंत त्यानं दोन धरले. गुडघे सोलून निघाले होते आणि एका तळपायाला जळक्या बुडख्यानं भोक पाडलं होतं. आईनं त्यावर रॉकेल चोळलं, तो कण्हला, तेव्हा ती म्हणाली, "रडतोस कशाला? धावता येतंय ना?" ही दोन वाक्यं, कमरेचं आणि धावता येण्याचं, नायल पुढं जन्मभर बरोबर घेऊन फिरला. एकानं त्याला वर काढलं. दुसऱ्यानं काय केलं ते पुढं येईलच.

आमच्या काळ्या मातीतून अमेरिकन फुटबॉलचे, हातानं चेंडू झेलायच्या त्या खेळाचे, खेळाडू उसासारखे उगवतात. दर वर्षी एखादा तरी मोठ्या लीगमध्ये जातो, आणि बहुतेक जण दोन हिवाळ्यांत परत येतात. म्हणून मिस्टर टीग या न्हाव्यानं आपल्या दुकानात एक रीत घातली होती. आरशांच्या वरच्या भिंतीवर तो गावच्या खेळाडूंचे फोटो लावी, पण लीगमध्ये तीन हंगाम पुरे केलेल्याचाच. त्याच्या आतला कितीही नावाजलेला असो, त्याला भिंत नाही. तीनच का, तर लीगचाही तोच हिशेब होता. एका हंगामात तीन सामने संघाच्या यादीत राहिलं तर तो हंगाम धरला जाई, आणि असे तीन हंगाम झाले की खेळाडू गणतीत येई. म्हातारपणी पेन्शन आणि खेळ सुटल्यावर पाच वर्षं डॉक्टरचा खर्च. तिसऱ्या हंगामाच्या अलीकडच्या माणसाला हात हलवत घरी यावं लागे, मग त्याची हाडं कुठं का मोडलेली असेनात.

नायल कॉर्नरबॅक होता. मैदानाच्या पार कडेला एकटं उभं राहायचं आणि समोरच्या संघाच्या चेंडू झेलणाऱ्या गड्याला झेलू द्यायचं नाही, हे त्याचं काम. झेलणाऱ्याला आपण कुठं वळणार हे ठाऊक असतं, कॉर्नरबॅकला नसतं. तो पुढे तोंड करून पळतो, कॉर्नरबॅक उलट पावलांनी पळतो आणि ज्या क्षणी समोरच्याची कंबर फिरेल त्या क्षणी आपली फिरवतो. अर्धं पाऊल उशीर झाला तर साठ हजार माणसं उभी राहून बघतात. आणि काम चोख झालं तर? तर काहीच होत नाही. चेंडू त्याच्या बाजूला येतच नाही, घोषणा करणारा त्याचं नाव घेत नाही, आणि घरी आई दूरदर्शनवर शोधत बसते, आज माझा पोरगा खेळला की नाही.

नायल असा खेळाडू होता. उंची बेताची, छाती बेताची, पण नजर आईची. छोट्या कॉलेजात चार वर्षं त्याच्या बाजूला क्वचितच कुणी चेंडू टाकला, म्हणून त्याचं नाव कुणाच्या कानावर गेलं नाही. लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा तो तीन दिवस दूरदर्शनसमोर बसला, पण त्याला कुणी निवडलं नाही. मग एका संघानं सरावापुरता बोलावला. तिथून काढला, दुसऱ्यानं घेतला. एका वर्षात त्यानं चार शहरांत चार गाद्यांवर पाठ टेकली आणि एकाही शहरात भांडी विकत घेतली नाहीत. तरी पाच वर्षांत दोन हंगाम झाले. धरून बसून, बदली म्हणून, दुसऱ्यांच्या मोडलेल्या हातापायांच्या जागी उभं राहून, पण झाले. तिसऱ्या हंगामात दोन सामने झाले, आणि तिसऱ्याच्या आदल्या दिवशी संघाला चेंडूला लाथ मारणाऱ्या एका गड्याची गरज पडली, म्हणून नायलचं कपाट रिकामं करायला लावलं. दोन सामन्यांची गणती होत नाही. ते वर्ष वाहून गेलं.

त्या हिवाळ्यात तो केस कापायला गेला, तर मिस्टर टीगनं भिंतीकडे बोट केलं. अकरा फोटो होते, आणि बाराव्या जागी नुसता खिळा.

"गेल्या साली ठोकला बघ तुझ्यासाठी. गंज चढायला लागलाय लेका."

खुर्चीत बसलेला लुशस हसला. लुशस नायलचा शाळेपासूनचा जोडीदार, आता साखर कंपनीच्या, तोडणीआधी फड पेटवणाऱ्या टोळीत. "मिस्टर टीग, तोवर त्यावर टोपी अडकवा की. दोन सामने तर दोन सामने. टोपीपुरते होतात!"

सगळं दुकान हसलं. नायलही हसला. पण जाताना त्यानं खिळ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, एकोणतिसाव्या वर्षी, उत्तरेकडच्या एका संघानं त्याला सराव शिबिराला बोलावलं. नव्वद जण येणार, त्रेपन्न राहणार. कॉर्नरबॅक अकरा होते आणि जागा पाच. त्यातल्या तीन जागा आधीच भरल्यासारख्या होत्या. नायलला तीन सामने हवे होते. हंगामाचे पहिले तीन आठवडे त्या यादीत नाव राहिलं असतं की झालं, मग त्याला खुशाल हाकलू देत.

पहिले दहा दिवस तो असा खेळला की कॉर्नरबॅकांचे कोच पेटिग्रू त्याच्याशेजारी येऊन उभे राहिले. हा माणूस कुणाजवळ उभा राहत नसे.

"मॉक्सी, कुठून शिकलास रे हे? चेंडू सुटायच्या आधी वळतोस तू."

"आईकडून, कोच."

"मग तिलाच बोलवायला हवं होतं. तुझ्यापेक्षा स्वस्तात आली असती."

अकराव्या दिवशी समोरासमोरच्या सरावात एक नवा पोरगा, वीस-एकवीस वर्षांचा, डावीकडे खांदा टाकून उजवीकडे फिरला. नायल फसला नाही. कंबर त्यानं बरोबर हेरली आणि तो फिरला. त्याच क्षणी त्याच्या डाव्या मांडीच्या मागं कुणीतरी ओला कपडा टरकन फाडावा तसं झालं. त्यानं चेंडू उडवला, पोराच्या पाठीवर थाप मारली आणि रांगेत परत जाऊन उभा राहिला. डोळ्यांपुढे पिवळं झालं होतं. मागून हाक आली, "बरा आहेस ना, नायल?" आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "धावता येतंय."

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, दुखावलं तर सांगायचं. तिथं तसं नसतं. उपचाराच्या खोलीत जो जातो त्याचं नाव रोज सकाळी एका कागदावर चढतं आणि तो कागद कोचच्या टेबलावर जातो. ज्याचं नाव दोनदा चढलं त्याची जागा तिसऱ्या दिवशी दुसरा चालवतो, आणि तो दुसरा चांगला निघाला की पहिल्याला सगळे विसरतात. नायलनं हे आठ वेळा डोळ्यांनी बघितलं होतं. एका माणसाला तर त्यानं स्वतःच सगळ्यांना असं विसरायला लावलं होतं. तो माणूस घोट्याला बर्फ लावून बसला होता, आणि त्याच्या जागी उभं राहून नायलनं आपला दुसरा हंगाम पुरा केला होता.

म्हणून तो खोलीत गेला नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून संडासात दार लावून तो मांडीला पट्टी आवळी. शेजारच्या पलंगावरच्या गड्याकडून गोळ्या मागून घेई, दाढ दुखते म्हणून. न्याहारीला जाताना जिन्याच्या कठड्याला धरायचं नाही, हसायचं, कुणाला तरी टोमणा मारायचा. मांडी मागून आधी जांभळी झाली, मग काळी, मग कडांना हिरवी. तो लांब पायमोजा वर ओढून घेई. उजवीकडे वळताना काही वाटत नसे. डावीकडे वळताना मात्र त्याला आधी मनातल्या मनात पायाची परवानगी काढावी लागे, आणि ती परवानगी यायला अर्धं पाऊल उशीर होई.

शेवटच्या सराव सामन्यात तेवढ्या अर्ध्या पावलानं दोनदा त्याच्या डोक्यावरून चेंडू गेला. दुसऱ्या वेळी झेलणारा गोलरेषेपलीकडे जाऊन नाचत होता आणि नायल चार हात मागं गवताकडे बघत उभा होता.

छाटणीच्या दिवशी संघाच्या कचेरीतला एक तरुण हातात यादी घेऊन खोल्या फिरतो. त्याला सगळे खेळाडू नावानं ओळखतात, पण नावानं हाक कुणी मारत नाही. त्यानं नायलचं दार वाजवलं. "मिस्टर मॉक्सी, कोच बोलावतायत. टॅब बरोबर घ्या." डावांचा टॅब परत मागितला की पुढं विचारायचं काही उरत नाही.

कोच पेटिग्रू खुर्चीतून उठले. "नजर तुझ्यासारखी माझ्याकडं कुणाची नाही. पण पाय गेले रे तुझे. होतं या वयात."

पाय गेले. नायलच्या ओठांवर आलं होतं, की गेले नाहीत, फाटलाय एक. पण ते वाक्य त्याला येतच नव्हतं. सात वर्षांचा असल्यापासून ते त्यानं कधी वापरलंच नव्हतं.

मग शेवटची तपासणी. हॅलोरन नावाचा म्हातारा ट्रेनर टेबलापलीकडे बसला होता. त्यानं एक कागद पुढं सरकवला. त्यावर विचारलं होतं, या संघात असताना झालेली एखादी दुखापत आज अंगावर आहे का. दोन चौकोन होते, हो आणि नाही.

हॅलोरननं नायलच्या पायमोज्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. "सावकाश वाच, पोरा. मला घाई नाही."

"वाचायचं काय त्यात? ठणठणीत आहे मी."

"सावकाश वाच म्हटलं."

नायलच्या मनात एकच होतं. हा कागद बाकीच्या एकतीस संघांपर्यंत जाणार. 'हो' लिहिलं तर लंगड्या घोड्याला कोण बोलावणार? 'नाही' लिहिलं तर उद्याच्या उद्या फोन येऊ शकतो. त्यानं 'नाही'वर खूण केली आणि खाली सही ठोकली. ओथनिएल जे. मॉक्सी. अक्षर सुरेख होतं. हॅलोरननं कागद उचलला आणि हात पुढं केला. तेवढंच.

घरी आल्यावर तीन आठवड्यांनी एजंटचा फोन आला. कुठल्याच संघानं विचारलं नाही, असं सांगायला. बोलता बोलता नायल म्हणून गेला, की बरंच झालं, ऑगस्टात मांडी फाटली होती, आता जरा भरून येतेय.



"ऑगस्टात? शिबिरात?" एजंटनं विचारलं.

"हो."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"नायल. अरे बाबा. तू तेव्हा सांगितलं असतंस तर त्यांना तुला असं काढता आलं नसतं. तुला जखमींच्या यादीत टाकावं लागलं असतं. त्या यादीतले आठवडे धरले जातात. घरी आईच्या ओट्यावर पाय वर करून बसला असतास, तरी तुझा तिसरा हंगाम झाला असता. आज, या आठवड्यात पुरा झाला असता."

"आता सांगितलं तर?"

"सही केलीस ना?"

नायलनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. आत आई बेकन परतत होती, त्याचा वास येत होता. नंतर तो उठला, बांधावर गेला आणि अंधार पडेपर्यंत उलट पावलांनी पळत राहिला. डावीकडे वळलं की पाय परवानगी द्यायला उशीर करायचा, आणि तो पायाला शिव्या द्यायचा.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. साखर कारखान्याची शिट्टी सुरू झाली आणि गावावर जळक्या पाचटाची काळी पिसं पडायला लागली. लुशस रोज संध्याकाळी ट्रक थांबवायचा.

"टोळीत एक जागा आहे. विचारू का साहेबाला?"

"मी खेळाडू आहे, लुशस."

"आहेस की. मी पण राष्ट्राध्यक्ष आहे, नुसतं मतदान व्हायचंय."

"जा रे."

"जातो. पण जागा शुक्रवारपर्यंतच आहे. एवढं ऐकून ठेव."

तो शुक्रवार गेला, पुढचे चार गेले. जागा दुसऱ्या कुणी घेतली. नायल न्हाव्याकडे जायचा बंद झाला, केस वाढले.  जेवताना फोन ताटाशेजारी, अंघोळीला फोन खिडकीत. रविवारी तो दूरदर्शनवर सामने बघे, पण चेंडू बघत नसे. कुठल्या संघाचा कुठला कॉर्नरबॅक खाली पडून उठत नाही, ते बघे. कुणी उठला नाही की तो खुर्चीच्या कडेवर येई. एकदा आईनं ते बघितलं.

"त्या पोराला लागलंय आणि तू हसतोयस."

"हसत नाही, आई."

"मग तोंड असं कशानं झालंय तुझं?"

 स्वतःचं तोंड त्याला दिसत नव्हतं, पण ती खरं बोलत होती हे त्याला ठाऊक होतं.

डिसेंबरच्या मध्यात, सोमवारी, फोन आला. डोंगरांकडच्या एका संघाचे दोन कॉर्नरबॅक एकाच रविवारी मोडले होते. मंगळवारी चाचणीला ये. हंगामाचे तीन सामने उरले होते. चार नाहीत, दोन नाहीत, बरोबर तीन. नायलला उभ्यानं घाम फुटला. आईनं त्याची पिशवी भरली, त्यात डब्यातून तळलेला ससा आणि भात घातला आणि दारात त्याच्या कॉलरला हात लावून म्हणाली, "काय बघायचं?"

"कंबर."

"जा."

चाचणीला पाच जण होते. सगळ्यांच्या अंगावर संघाची तीच करडी चड्डी, पाठीवर नंबर नाही. कुणी कुणाशी बोललं नाही, फक्त शेजारच्यानं एकदा विचारलं, "किती झाले?" नायल म्हणाला, "दोन." तो म्हणाला, "माझे पण." मग दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

आधी संघाच्या डॉक्टरनं पाय वाकवून बघितला, मांडी दाबली. "इथं दुखतं?"

"नाही, सर."

"इथं?"

"नाही, सर." दुखत होतं. पण नायलचा चेहरा सशाच्या कानांसारखा झाला होता, हवा तिकडे वळणारा.

मैदानावर थंडी हाडात शिरत होती. सरळ धावण्यात नायल दुसरा आला. उलट पावलांत पहिला. चेंडू झेलणारे सोडले तेव्हा पहिले सहा त्यानं असे अडवले, की कडेला उभी असलेली कचेरीतली माणसं खिशातून हात काढून बघायला लागली. त्याला वाटलं, आज होणार. खिळा डोळ्यांपुढं आला. त्यावर फोटो आला. सातवा गडी उजवीकडे डोकं टाकून डावीकडे फिरला. नायलनं त्याची कंबर वाचली, फिरला, चेंडूवर बोटं टेकवली, चेंडू खाली पडला. कुणीतरी टाळी वाजवली.

कॉर्नरबॅकांचा कोच तिथं एक पांढऱ्या दाढीचा माणूस होता. स्वतः कधीकाळी याच जागी खेळलेला. तो अजून बोलला नव्हता. आता तो नायलजवळ आला.

"नजर कुणाची रे तुझी?"

"आईची, कोच."

"भाग्यवान आहेस." तो थोडा थांबला. "मी चेंडू नाही बघत, ठाऊक आहे? चेंडू कुणालाही दिसतो. मी तुझी कंबर बघत होतो."

नायलनं डावा पाय मागं घेतला.

"उजवीकडं तू वळतोस. डावीकडं तू आधी विचारतोस, मग वळतोस. या पोराला ते कळलं नाही. रविवारी समोर जो येईल त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळेल." मग अगदी हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असा, त्यानं विचारलं, "दुखतंय का, पोरा?"

त्या क्षणी नायल काहीही बोलला असता तरी निकाल तोच लागायचा होता, हे त्याला कळत होतं. तरी तोंडातून निघालं ते नेहमीचंच.

"नाही, सर. धावता येतंय."

"बरं," कोच म्हणाला आणि त्याच्या खांद्याला हात लावून पुढं गेला.

त्यांनी त्या शेजारच्याला घेतलं, ज्याचे पण दोन झाले होते. बाकीच्या चौघांच्या हातात विमानाची परतीची तिकिटं आली. डबा नायलनं उघडलाच नव्हता. विमानतळाच्या बाकावर बसून त्यानं थंड ससा खाल्ला, हाडं कागदात गुंडाळली आणि कागद कितीतरी वेळ हातात धरून बसला.

बुधवारी दुपारी लुशसनं त्याला बस थांब्यावरून आणलं. ट्रकमध्ये लुशसनं एकही थट्टा केली नाही, आणि त्यावरून नायलला कळलं की आपल्या तोंडावर सगळं लिहिलेलं आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फड पेटले होते. मातीत पोरं उभी होती, गुडघे वाकवून, हात सोडून.

ट्रकपासून ओट्यापर्यंत वीस पावलं. आई ओट्यावर दोरीवरचे कपडे झटकत होती, काळी पिसं पडली होती त्यांच्यावर. नायलनं वाटेत ठरवून ठेवलं होतं, सांगायचं की त्यांनी नाव लिहून घेतलंय, पुढच्या आठवड्यात बोलावतील. तो ताठ चालत आला, हसत आला, हात वर करून आला. मिस अर्नेलनं त्याच्या हाताकडे बघितलं नाही, तोंडाकडे बघितलं नाही. ती खाली बघत राहिली, वीसच्या वीस पावलं.

"कुठल्या बाजूला?" तिनं विचारलं.

"काय कुठल्या?"

"डावी ना? कधीपासून?"

नायल पायरीवर थांबला. पिशवी खांद्यावरून उतरली. "धावता..." त्यानं सुरुवात केली आणि पुढचं आलं नाही. लुशसचा ट्रक निघून गेल्याचा आवाज आला. फडाकडून पोरांचा गलका आला, म्हणजे कुणाच्या तरी हाती लागला.

"दुखतंय, आई," तो म्हणाला. "खूप दुखतंय."

एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

मिस अर्नेलनं हातातला कपडा टोपलीत टाकला. सुजल्या पायांनी ती खाली बसली, पायरीवर, त्याच्या शेजारी, आणि मांडीच्या मागं हात घालून बोटांनी शोधत गेली, जिथं स्नायूचा दोरा तुटून गाठ धरली होती तिथं थांबली. तो कळवळला. तिनं हात काढला नाही.

"ऑगस्टात सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"तूच म्हणाली होतीस." एवढंच त्याला बोलता आलं.

 ती समोरच्या धुराकडे बघत राहिली, आणि बोटं तशीच गाठीवर दाबून राहिली.

"सशांसाठी म्हणाले होते रे," ती शेवटी म्हणाली. "सशांसाठी."

मिस्टर टीगच्या दुकानात तो खिळा अजून आहे. त्यावर कुणी टोपी अडकवत नाही.